हळू बोला, कायम व्हाल

भिवंडीच्या एसटी स्टँडवर बाबांनी मला दिलेला निरोप सगळ्या स्टँडने ऐकला. "कायम झाल्याबिगर परत यायचं न्हाय." गाडीतली एक म्हातारी वळून म्हणाली, "ऐकलंस ना गं?" बाबा रागावले नव्हते. भिवंडीतल्या नारपोलीत आमच्या भिंतीपलीकडच्या कारखान्यात दिवसरात्र यंत्रमाग चालत, बाबांची ड्युटीही तिथेच. आमच्यात मीठ मागायचं तरी ओरडून. माझी नोकरी टिकली नाही, तर मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायचं आणि मग लग्न, हे ठरलेलं होतं.

सत्तरच्या दशकातली मुंबई, मोठं हॉस्पिटल. आम्हा नव्या नर्सेसना पारखायचं काम मेट्रनबाईंकडे. काय ती पारख! टोपीचा स्टार्च बोटाने दाबून बघायच्या, चादरीचे कोपरे तपासायच्या, वॉर्डात कुणाचा आवाज चढला की कपाळाला हात लावायच्या. पेशंटचा ताप उतरला की चढला, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. स्वतःचे बूट मात्र असे करकरत, की झोपेची गोळी घेतलेला माणूस उठून बसावा. "ही भिवंडी नाही, हळू बोला," हे रोजचंच. आजार गोंगाटाने होतात आणि स्टार्चने बरे होतात, अशी बाईंची ठाम समजूत होती.

शेवटची परीक्षा म्हणजे पेशंटला ऑपरेशनआधीच्या सूचना द्यायच्या. बघायला मेट्रनबाई आणि एक मोठे डॉक्टर. पेशंट निघाले आमच्याच भिवंडीचे एक लूमवाले चाचा, मागांच्या खडखडाटात कान गेलेले. मी मधाळ आवाजात सांगितलं, की उद्या ऑपरेशन आहे, सकाळी काही प्यायचं नाही.

"क्या?"

पुन्हा सांगितलं. पुन्हा "क्या?" ओरडले तर मी नापास. कुजबुजत राहिले तर चाचा सकाळी चहा ढोसून टेबलावर.

मग मी कारखान्यातली बोली काढली. तिथे आवाज चालत नाही, हात चालतात. पोटावर बोट ओढलं, ओठांशी हवेतलीच बशी धरली आणि माग बंद करायची खूण केली. चाचा खुलले. त्यांनीही बशी धरून भुवई उडवली: मग चहा कधी? मी हवेत टाके घातले आणि मग बशी उचलली.

"समझ गया, बेटी. भिवंडी की है ना?" असं ते गरजले, की तावदानं हलली. पण परीक्षा त्यांची नव्हती.

डॉक्टर घड्याळ बघत होते. मेट्रनबाई गहिवरल्या होत्या. "पाहिलंत? एक शब्द नाही." मी कायम झाले. त्या हातवाऱ्यांचा अर्थ त्या दोन विद्वानांनी आजतागायत विचारलेला नाही.

पहिल्या सुट्टीत थेट कारखान्याच्या दारात गेले. "बाबा, मी कायम झाले," म्हटलं. ऐकू गेलं नाही. हॉस्पिटलने माझा घसाच मऊ करून टाकला होता. बाबांनी मागाआडून हातानेच विचारलं, काय झालं? मी टोपी डोक्यावर दाबून बसवल्याची खूण केली. बाबांनी भर शिफ्टमध्ये माग बंद केला.

तिथेच राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, हळू बोलायचा मला जन्मभर पगार मिळाला. पण रविवारी नारपोलीहून भावाचा फोन येतो, मागे माग चालू असतात, आणि शेजारीण धावत येऊन विचारते, कुणाशी भांडताय?

भांडत नाही हो, घरी बोलतेय.