बिनचूक दिवसांची पाटी

माझे बाबा भिलाईत जामुलकडच्या एका छोट्या खासगी कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर होते. काम जबाबदारीचं, पण त्यांचा जीव गेटवरच्या एका पाटीत होता. ‘दुर्घटना रहित दिन’ असं तिच्यावर रंगवलेलं आणि खाली खडूनं आकडा. काल एकशे ऐंशी, तर आज एकशे एक्याऐंशी. हा आकडा ते दुसऱ्या कुणाला बदलू देत नसत. रविवारच्या सुटीतही स्कूटर काढून तेवढ्यासाठी जात आणि येताना समोसे आणत.

बारावीच्या वर्षी मी कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू केली. माझ्या दुर्दैवानं बाबांना ती परीक्षा फारच ओळखीची वाटली. एकशे वीस प्रश्न, बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं की पाव गुण कापला. सेक्टर दहामधल्या कोचिंगचे सर म्हणाले होते, सराव परीक्षेत ऐंशी ओलांडलेस तर रायपूरचं लॉ पक्कं धर. ते हुकलं तर दुर्गला बी.कॉम., हे घरात ठरून गेलेलं. मला बी.कॉम. अजिबात करायचं नव्हतं.

पहिल्या सराव परीक्षेत मी एकशे दहा प्रश्न सोडवले. शहात्तर बरोबर, चौतीस चूक, गुण साडेसदुसष्ट. बाबांनी गुणांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“चौतीस? अवं, आमच्या इथं चौतीस झाले तं गेटले कुलूप लागन!”

दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर एक छोटी पांढरी पाटी लागली. तिच्यावर दर परीक्षेतल्या चुकांचा आकडा लिहायचा. शिवाय प्रत्येक चुकीसाठी कारखान्यासारखा फॉर्म भरायचा: काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार. ‘का घडलं’च्या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘उत्तर माहीत नव्हतं’ असं लिहिलं. सुपरवायझर साहेबांनी, म्हणजे बाबांनी, ते नामंजूर केलं.

“माईत नव्हतं तं हात कावून लावला?”

मग मी हात लावणं सोडलं. थोडी शंका आली की उत्तरपत्रिकेतला गोल रिकामा ठेवायचा. पाचव्या परीक्षेत मी फक्त अठ्ठावन्न प्रश्न सोडवले आणि सगळे बरोबर आले. बाबांनी फ्रिजवर भलंमोठं शून्य काढलं आणि पाव किलो जिलेबी आणली. साडेसदुसष्टवरून अठ्ठावन्नवर घसरल्याबद्दल सत्कार झालेली भिलाईतली मी बहुधा एकटीच.

“पण मार्क तं कमी झाले ना?” आईनं जिलेबी वाढताना विचारलं.

“मार्क वाढतात मंग. पयले सवय लागू दे.”

सरांनी मात्र उत्तरपत्रिका पाहून डोक्याला हात लावला. “बेटा, तू पेपर दे रही है कि पेपर से बच रही है?” चारातले दोन पर्याय चुकीचे आहेत हे कळलं की उरलेल्यांतून एक निवड, चुकलं तर पाव जाईल, जमलं तर पूर्ण येईल, असं त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. मला पटलं. पण खरं सांगायचं तर शून्याची चटकही लागली होती. गोल रिकामा सोडला की छातीतली धडधड थांबायची. पुढच्या दोन परीक्षांतही मी साठीच्या आतच राहिले, आणि जिलेबी येत राहिली.

एका सोमवारी बाबा डाव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळून घरी आले. स्कूटरच्या स्टँडमध्ये सापडलं, म्हणाले. आईनं हळद लावली. डॉक्टरकडे जायला ते तयार होईनात. कारखान्याच्या गेटवर तेव्हा दोनशे चाळीस झाले होते, आणि अडीचशेला प्रत्येक कामगाराला स्टीलचा टिफिन मिळणार होता.

गुरुवारी संध्याकाळी मी कायद्याच्या भागातला एक उतारा सोडवत होते. एका कामगाराचा हात मशीनमध्ये सापडतो, तो कुणालाच सांगत नाही, पुढे हात बिघडतो. चूक कोणाची? बाबांना असे प्रश्न फार आवडत. चहा पिता पिता त्यांनी निकाल दिला.

“कामगाराची. सांगाले नको? सांगतल्याबिगर कोणाले कसं समजन?”

त्यांच्या बोटाकडे माझं लक्ष गेलं. ते सुजून निळं पडलं होतं. कोचिंगच्या दिवशी स्कूटर मी नेत असे आणि बाबा कारखान्याच्या बसनं जात.

“बाबा, सोमवारी तं स्कूटर माह्याजवळ होती.”

आईचं लाटणं थांबलं. बाबांनी कप खाली ठेवला.

“दहाच दिवस राहिले होते,” ते म्हणाले.

मला भयंकर राग आला. “टिफिनसाठी बोट घालवता काय?”

“टिफिनचं नाई गं. ते पाटी मी बदलतो. माह्याच हातानं शून्य कसं लिवू?”

माझे साठ-साठ रिकामे गोल तरी दुसरं काय होते!

दुसऱ्या दिवशी बाबांनी एक्स-रे काढला. हाड मोडलं होतं. मग कारखान्यात जाऊन त्यांनी रजिस्टरमध्ये स्वतःचा अपघात लिहिला आणि गेटवरच्या पाटीवर शून्य काढलं. टिफिन हुकलेली माणसं बरेच दिवस त्यांच्याजवळ जेवायला बसत नव्हती. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी फ्रिजवरची पाटीही काढून टाकली.

रविवारी मी एकशे चौदा प्रश्न सोडवले, अर्धे तर धडधडत्या छातीनं. सत्त्याऐंशी बरोबर, सत्तावीस चूक, गुण सव्वाऐंशी. कागद हातात घेताच बाबांची नजर सवयीनं चुकांच्या आकड्यावर गेली. मग पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, “बरोबर किती आले?”

खऱ्या परीक्षेत माझे सव्वीस चुकले आणि रायपूर मिळालं. शेजारचे काका अभिनंदन करायला आले. पेढा घेताना म्हणाले, “पोरगी लय हुशार निघाली तुमची.”

“सव्वीस चुकवले तिनं,” बाबा ऐटीत म्हणाले. चार दिवस लपवलेलं ते बोट पुन्हा कधी नीट वाकलं नाही, म्हणून पेढ्यांचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.