पेटीतली थरथर

आमच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-गाण्याच्या नाटकात, पेटी मीच वाजवायचो. एका वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेच्या तोंडावर सुरात थरथर येऊ लागली. आमच्या जुन्या गायकाचा गळा गेला असं म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत गाण्यातून उठवलं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल.

त्याच आठवड्यात कुरखेड्याच्या बाजारात पेट्या दुरुस्त करणारा एक वाळका माणूस दिसला. भात्याला ठिगळ लावायला त्याच्याकडे पेटी दिली. त्यानं आधी एकच पट्टी दाबली अन् डोळे मिटले. वाँव-वाँव अशी लाट उठली. त्याचं बोट लाटेबरोबर हवेत डुलू लागलं.

"हे आमच्या गायकाच्या गळ्यानं होते," मी म्हणालो.

"इथी कोण गाऊन राह्यलं, भाऊ?"

त्यानं पेटी उघडली. त्या पट्टीखाली पितळेच्या दोन जिभा होत्या. एकीखाली कागद सरकवला, तर लाट थांबली. काढला, तर पुन्हा आली.

"दोघींत केसाएवढा फरक पडला का अशा भांडते. एकटी कोणतीच भांडत नाई."

मग कानशीनं एका जिभेचं टोक हलकेच घासत, मधेमधे ऐकत राहिला. लाट मंदावत गेली अन् सूर सरळ झाला.

"माझ्या हातची पेटी बिघडत नाई," मी म्हणालो.

"मंग गायकाले सांगा तसं," तो मान वर न करता म्हणाला.

मी पेटी घेऊन थेट गायकाच्या खळ्यावर गेलो. माफी मागणं मला जमत नाही. नुसती ती पट्टी दाबून धरली. तो धान झोडायचा थांबला.

"बरी झाली तं पेटी," म्हणाला, अन् पुन्हा झोडू लागला.

दंडारीला तो आला, पण बघायला आलेल्या लोकांत बसला.