मॅडमनी सांगं, ऑफर खरी शे

“मॅडम, आधी हे ऐका,” असं म्हणून काउंटरसमोरच्या बाईंनी मोबाइलचा आवाज मोठा केला.

व्हॉट्सअ‍ॅपवरची व्हॉइस नोट होती. म्हाताऱ्या माणसाचा स्वच्छ, ठाम आवाज. “राम राम मंडळी. मी सोता धुयाले जाईसन कंपनीना ऑफिसमा इचारी उनू. मॅडमनी सांगं, ऑफर खरी शे. बठ्ठा जन लई ल्या.”

म्हणजे, मी स्वतः धुळ्याला जाऊन विचारून आलो, मॅडमनी खरी आहे म्हणून सांगितलं, सगळ्यांनी घ्या.

की-बोर्डवरचे माझे हात थांबले. तो आवाज मी ओळखला होता. त्यातली मॅडम मीच होते.

“कोणत्या मॅडमबद्दल बोलतायत हे?” मी विचारलं. माहीत असून विचारलं.

“ते मला काय माहीत ताई? नाना खोटं बोलत नाहीत, एवढं माहीत आहे.”

या सुनंदाताई. पिंपळनेरजवळच्या एका गावात आशा सेविका. त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप आदल्या दिवशी दुपारपासून बंद होतं, म्हणून नोट ऐकवायला त्यांनी घरातला दुसरा फोन आणला होता. आरोग्य केंद्राचा ग्रुप, गरोदर बायांचे रिपोर्ट, लसीकरणाचे फोटो, सगळं त्यात. आणि त्यांच्या नावाने दुसरंच कोणीतरी त्यांच्या भावाला मेसेज करत होतं, अर्जंट पैसे पाठव म्हणून.

मी तेव्हा एका मोबाइल कंपनीच्या धुळ्यातल्या स्टोअरची मॅनेजर होते. नवीन सिम, हरवलेलं सिम, बिलाची तक्रार, नेट चालत नाही ही तक्रार, असं आमचं काम. आणि जाता येता लोक फोन पुढे करून विचारतात, “ही ऑफर खरी आहे का हो?” ते आमच्या कामात लिहिलेलं नाही, पण लोक विचारतात, कारण दुसरं कोणाला विचारणार?

नाना तीन दिवसांपूर्वी आले होते. सुनंदाताईंच्याच गावच्या पोस्टात त्यांनी नोकरी काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. गावातून काळीपिवळी जीपने पिंपळनेर, तिथून एसटीने धुळे, असे ते फक्त एक प्रश्न विचारायला आले होते. मला हे नंतर कळलं. त्या वेळी ते माझ्यासाठी टोकन नंबर एकतीस होते.

महिनाअखेर होती. एक मुलगी सुट्टीवर, म्हणून एक नंबरच्या काउंटरवर मी स्वतः बसले होते. दोन नंबरवर इम्रान. माझ्या कानाला फोन होता, पलीकडे जळगावहून आमचे एरिया मॅनेजर चौधरी सर पोर्टिंगचे, म्हणजे दुसऱ्या कंपन्या सोडून आमच्याकडे आलेल्या नंबरांचे, आकडे विचारत होते.

नानांनी फोन पुढे केला. “मॅडम, हे बारा महिने अनलिमिटेड नेट म्हणतात, ते खरं आहे का? गावातले लोक मला विचारतात. मी म्हटलं, विचारल्याशिवाय सांगणार नाही.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. आमच्या कंपनीचा रंग दिसला, लोगो दिसला, ‘अनलिमिटेड’ हा शब्द दिसला. त्याच आठवड्यात आमची खरोखरच एक अनलिमिटेड ऑफर सुरू होती, तीन महिन्यांची. मी हाताने रिसीव्हर झाकला आणि म्हणाले, “हो नाना, खरी आहे. आपलीच आहे.”

“नक्की ना?”

“नक्की.” आणि पुढचं टोकन पुकारलं.

फोन हातात घेतला असता तर पहिल्या ओळीतच कळलं असतं. लिंकमध्ये कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं. खरी ऑफर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या नंबरसमोर दिसते. ती मिळवायला मेसेज कोणालाही पुढे पाठवावा लागत नाही आणि आलेला कोड कुठल्या पानावर भरावा लागत नाही. शिवाय आमच्या धंद्यात ‘अनलिमिटेड’चा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. रोजचा ठरलेला डेटा संपला की नेट चालू राहतं, पण इतकं हळू, की फोटो उघडेपर्यंत चहा होतो. हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वर्षभराचं, कुठलीही मर्यादा नसलेलं नेट जवळपास फुकट मिळतंय म्हटल्यावर तिथेच थांबायला हवं. हे मला पाठ होतं. नव्या स्टाफला मीच शिकवायचे.

या लिंकची चलाखी साधी होती. पान उघडलं की तुमचा नंबर मागायचे. तुम्ही तो भरला की चोर त्याच्या फोनवर तुमच्या नंबरने व्हॉट्सअ‍ॅप सुरू करायला घ्यायचा. त्यासाठी लागणारा सहा आकडी कोड तुमच्या फोनवर यायचा. पान म्हणायचं, “ऑफर सुरू करण्यासाठी कोड टाका.” तुम्ही टाकला, की तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याचं झालं. वर तो स्वतःचा गुप्त पिन लावून ठेवायचा, म्हणजे तुम्हाला सात दिवस ते परत घेता येत नाही.

सुनंदाताईंचं तसंच झालं होतं. मी त्यांना सायबर हेल्पलाइनला तक्रार करून दिली, ओळखीच्या सगळ्यांना साधे फोन करून सावध करायला सांगितलं, सात दिवसांनी काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही फार चांगल्या आहात ताई.” मी मान खाली घालून स्टेपलर शोधत राहिले.

संध्याकाळपर्यंत त्याच भागातून अजून चौघं आले. चौघांनाही तीच व्हॉइस नोट आलेली.

दुसऱ्या दिवशी चौधरी सर जळगावहून गाडी काढून आले. कोणीतरी ती व्हॉइस नोट थेट कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवली होती. सरांनी मला केबिनमध्ये बसवलं.

“तू असं बोललीस?”

मी टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं.

“हे बघ, स्टाफने खात्री दिली असं रेकॉर्डवर आलं तर प्रकरण लीगलला जाईल. मी फुटेज पाहिलं. तो माणूस काउंटरला आलेला दिसतो. आवाज येत नाही. तुझं ट्रेनरचं प्रपोजल वर गेलंय, जळगावची पोस्ट आहे. विचार करून सांग. बोललीस?”

“नाही सर,” मी म्हणाले. “मी आपल्या तीन महिन्यांच्या ऑफरबद्दल सांगितलं होतं. त्यांनी चुकीचं ऐकलं असेल.”

सरांनी ते टाइप करून घेतलं. प्रिंट काढली. मी सही केली.

मग त्यांनी दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या नानांना आत बोलावलं. नाना आले आहेत हे मला सांगितलेलं नव्हतं. त्यांचंही व्हॉट्सअ‍ॅप गेलं होतं, पण ते त्यासाठी आले नव्हते. गावात सगळे विचारत होते, म्हणून मॅडमकडून काय ते स्पष्ट करून घ्यायला आले होते.

सर नम्रपणे बोलले. “नाना, आमच्या मॅडम म्हणतात, त्यांनी वेगळ्या ऑफरबद्दल सांगितलं होतं. तुमची काहीतरी गल्लत झाली असेल.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं पाकीट हातात घेऊन पत्ता पुन्हा वाचावा, तसं पाहिलं. मी टेबलावरच्या प्रिंटकडे बघत होते.

“असं असेल,” ते म्हणाले. “माझ्या कानाला आता कमी येतं. मॅडमचा काही दोष नाही.”

पिशवी उचलून ते गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्यांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. मी रिसीव्हर झाकून, गर्दीत, हळू आवाजात बोलले होते, तरी त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. तो त्यांनी जसाच्या तसा गावाला सांगितला होता. चार दिवसांत मी दोनदा खोटं बोलले, पहिल्यांदा न बघता आणि दुसऱ्यांदा बघून, आणि ते खोटं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं.

सर गेल्यावर इम्रान केबिनमध्ये आला. त्याचा काउंटर माझ्या शेजारीच. “मॅडम, मी त्या दिवशी तिथेच होतो,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“सरांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे मला अजून समजत नाहीये.” एवढं बोलून तो काउंटरवर गेला. त्यानंतर पुढचे काही दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. घरी मी कोणाला सांगितलं नाही. जेवताना नवरा विचारायचा, “बरं नाही का?” मी म्हणायचे, “टार्गेट.”

आठवड्याने सुनंदाताई परत आल्या. त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून दिलं, त्यावर त्यांचाच पिन लावून दिला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “नाना कसे आहेत?”

“घराबाहेर पडत नाहीत ताई. आधी गावात कोणाला काही कागद आला, मेसेज आला, की लोक त्यांच्याकडे जायचे. पेन्शनचा असो, पीकविम्याचा असो. नाना वाचून सांगायचे, खरं का खोटं. आता पोरं चेष्टा करतात, ‘नाना, मॅडमले इचारी उनात का?’ माझ्या घरी येऊन हात जोडले त्यांनी. बोलले, मले ऐकू नही येस, माफ कर. मी म्हटलं, असू द्या नाना, वय झालं.”

म्हणजे आपण बहिरे आहोत असं ते आता गावभर सांगत होते. मी लिहून दिलेलं खोटं ते पाळत होते.

त्या दिवशी मी चौधरी सरांना मेल लिहिला. पाच-सहा ओळी. मी त्या ग्राहकाला न तपासता खात्री दिली होती, माझं आधीचं निवेदन खोटं आहे, त्यांची चूक नाही. मेलची प्रत तक्रार विभागालाही पाठवली, नाहीतर सरांनी तो पोटात ठेवला असता.

सरांचा लगेच फोन आला. “कोणी सांगितलं होतं तुला हे? मिटलं होतं ना प्रकरण!”

“मिटलं नव्हतं सर.”

“जळगाव विसर आता,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी मी एसटीने पिंपळनेरला गेले, तिथून जीपने गावात. सुनंदाताईंनी अंगणवाडीत वीस-पंचवीस लोक जमवले होते. मी उभी राहिले. भाषणाची तयारी करून गेले होते, तोंडातून दोन वाक्यं बाहेर पडली. “नानांनी मला विचारलं, तेव्हा मी मेसेज न वाचता खरी ऑफर आहे म्हणून सांगितलं. नानांना नीट ऐकू येतं, खोटं मी बोलले.”

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. मागून एक बाई म्हणाली, “मग सात दिवस आमना फोन बंद व्हता, त्यानं काय?” मी म्हणाले, “त्याचं मी काही करू शकत नाही.” मग मी लिंक कशी बघायची, कोड का द्यायचा नाही, हे दाखवलं. काहींनी पाहिलं, काही उठून गेले.

नाना आले नव्हते. मी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं, मेलबद्दलही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत बघून चहा टाकायला सांगितला.

“नाना, तुम्ही पुन्हा एक व्हॉइस नोट पाठवा,” मी म्हणाले. “मॅडम येऊन कबूल करून गेली, असं सांगा. तुमचं लोक ऐकतात.”

“नाही ताई,” ते म्हणाले. “मी आता काही पाठवत नाही.”

“मग मला माफ तरी केलंत का?”

शेंगा सोलता सोलता ते म्हणाले, “त्या दिवशी केबिनमध्ये मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. वाटलं, आता बोलेल पोरगी. तुम्ही तेव्हा बोलल्या असत्या, तर मला परत जाताना गाडीत इतकं लागलं नसतं. आता आल्या, बरं केलं. चहा घ्या.”

मी चहा घेतला. फार गोड होता. तो कसाबसा संपवला आणि परतीच्या जीपमध्ये बसले.

व्हॉइस नोट शेवटी मी माझ्या आवाजात, माझ्या नावासकट केली. सुनंदाताईंनी ती ग्रुपवर टाकली. ती फारशी पुढे गेली नाही. नानांची पाच-सहा गावं फिरली होती. माझ्या आवाजावर विश्वास ठेवायला त्या गावांना काही कारणही नव्हतं.

कंपनीने लेखी वॉर्निंग दिली. ट्रेनरची पोस्ट त्या वर्षी दुसऱ्याला गेली. पुढे मला ती मिळाली आणि आता मी जळगावला असते. जळगाव-धुळ्याच्या स्टोअरमधल्या नव्या मुलामुलींना ट्रेनिंग देते.

धुळ्यात असताना नाना एकदाच पुन्हा दिसले. बायकोच्या फोनचं काहीतरी काम होतं. माझा काउंटर रिकामा होता. मी उठून म्हणाले, “नाना, या.” त्यांनी नमस्कार केला, हसले, आणि म्हणाले, “बसतो जरा.” इम्रानचा ग्राहक जाईपर्यंत ते खुर्चीवर बसून राहिले. मग त्याच्याकडे गेले.

खोटी ऑफर ओळखायला मी अर्ध्या तासात शिकवते, स्लाइड आहेत, शेवटी टेस्ट आहे, बहुतेक सगळे पास होतात. ग्राहक समोर उभा आणि साहेब शेजारी बसलेला असताना “चूक माझी आहे” हे त्याच मिनिटाला म्हणायचा सराव मात्र मी दोघा-दोघांना समोरासमोर बसवून करून घेते. त्यात पहिल्या खेपेला अजून तरी कोणी पास झालेलं नाही.