तिसरं माप

बॅटरीचाचांना घाई करणारा माणूस खपत नसे, आणि दारव्ह्याच्या त्यांच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस घाईतच असे. ट्रकवाले घाईत, लग्नातले लाउडस्पीकरवाले घाईत आणि मी तर सगळ्यांत जास्त. बोरी अरबच्या पलीकडच्या एका गावात मी मास्तर होतो. गावात वीज नव्हती, पण पंचायतीला बॅटरीवर चालणारा सरकारी रेडिओ मिळाला होता. दर पंधरा दिवसांनी ती जड बॅटरी बसच्या टपावर चढवून चाचांकडे न्यायची कामगिरी माझ्याच गळ्यात पडली होती. आज टाकायची, उद्या पाचच्या बसने परत आणायची. ती बस शेवटची असे.

चाचांनी चार्जर स्वतःच्या हाताने जुळवला होता. लाकडी फळीवर बसवलेला तो सगळा पसारा घूं घूं करीत असे. बॅटरीकडे जाणाऱ्या तारेतच त्यांनी मोटारीच्या हेडलाइटचा एक बल्ब अडकवला होता. रिकामी बॅटरी लावली की बल्ब लख्ख पेटे आणि ती भरत जाई तसा मंदावत जाई. एवढी विद्या चार फेऱ्यांत मलाही आली होती.

"चाचा, दिवा विझत आला. द्या आता," मी म्हणे.

"दिव्याच्या भरोशावर कायले राहता, मास्तर? बॅटरीचं पोट भरलं तरी तो मंदावते, अन् घसा बंद झाला तरी मंदावते. कुठं तार नीट नाही लागली, त्याले काय मालूम?"

मग ते बॅटरीची बुचं उघडत आणि कान लावून आतले बुडबुडे ऐकत. त्यानंतर काचेच्या पिचकारीत थोडं तेजाब ओढून त्यात तरंगणारी कांडी डोळ्यांसमोर धरून माप वाचत. तासाने पुन्हा. आणखी तासाने पुन्हा. तिन्ही मापं सारखी आली की बॅटरी भरली, एरवी नाही. तेवढ्यात कुणाची बस गेली तर ते बाकावर पडलेली आपली वाचायची पुस्तकं सरकवून त्याला झोपायला जागा करून देत, पण बॅटरी देत नसत. मी त्या बाकावर दोनदा झोपलो आहे आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोललो आहे.

त्यांच्या सदऱ्याला तेजाबाने पडलेली इतकी भोकं असत की एकदा मी म्हटलं, "चाचा, नवा सदरा शिवा की." ते म्हणाले, "ईदचाच हाय हा!" ईद होऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

आमच्या गावात गिरजामाय नावाची म्हातारी होती. तिची दृष्टी गेलेली. एकुलती एक लेक, शेवंता, नागपूरला दिलेली. तीन वर्षांत लेकीचा आवाज तिच्या कानी पडला नव्हता. एका आश्विनात पत्र आलं, की शेवंता रेडिओवर भुलाबाईची गाणी म्हणणार आहे. पत्र मीच वाचून दाखवलं. त्या दिवसापासून गिरजामाय मला वाटेत अडवून विचारू लागली, "मास्तर, डब्बा बोलन ना?"

नेमका गाण्याच्या दिवशीच मी बॅटरी आणायला गेलो. दोन मापं झाली होती, तिसऱ्याला तास होता आणि मोटारस्टँडवर बस लागली होती. दुसरं माप पहिल्याहून किंचित कमी आल्यासारखं चाचांना वाटत होतं. मी दिव्याकडे बोट दाखवलं. दिवा पार मंद होता. "चाचा, आंधळी म्हातारी वाट पाहून राह्यली. आजचा दिवस द्या." त्यांनी पिचकारी खाली ठेवली. मग त्यांनी बॅटरीवरचे तारांचे चिमटे काढले.

दिवेलागणीला सगळं गाव पंचायतीपुढे जमलं. रेडिओवर शेवंताचं नाव पुकारलं गेलं, पेटी वाजली, गाण्याची पहिली ओळ सुरू झाली आणि आवाज बारीक होत होत मिटला. गिरजामाय पुढे वाकून बसली होती. ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी माझा निरोप मिळताच चाचा सायकलच्या कॅरिअरला भरलेली बॅटरी बांधून गावात आले. चिमट्याखाली पांढरा बुरा साचला होता, त्यामुळे वीज पुरती आत गेलीच नव्हती. दिवा मंदावला होता तो त्यामुळे. हे सगळं त्यांनी गिरजामायला नीट सांगितलं आणि म्हणाले, "माही चूक झाली, माय."

"पोरीचं नाव तं आयकलं ना," ती म्हणाली. "जेवला का तू?"

मी तिथेच उभा होतो. घाई माझी होती, हे सांगायला तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या आश्विनात शेवंता पुन्हा गाणार होती. चाचा आदल्या दिवशीच दोन बॅटऱ्या घेऊन आले. एक त्यांनी रेडिओला लावली. गाणं चाललं तेवढा वेळ ते दुसरी मांडीशी घेऊन, तारेची टोकं दोन्ही हातांत धरून, बॅटरीला लावलेल्या मीटरवर नजर ठेवून रेडिओमागे बसले होते. गाणी संपली. गिरजामाय हसत होती आणि रडतही होती. मी चाचांना विचारलं, "कशी गायली पोर?"

"गायली?" ते म्हणाले. "मी तं आयकलंच नाही, मास्तर. काटा पाहून राह्यलो होतो."

काही वर्षांनी गावात वीज आली. रेडिओची बॅटरी सरकारजमा करायची होती. ती मोडीतच जाणार होती, पण चाचांनी ती चार्जिंगला लावली. "रिकामी कायले वापस करता?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. दोन मापं झाली होती. मनात वर्षानुवर्षं अडकलेलं तेव्हा बाहेर पडलं. "चाचा, त्या दिवशी घाई माझी होती."

"मालूम हाय," पिचकारी पुसत ते म्हणाले. "पण चिमटा माह्या हातात होता."

स्टँडवर पाचच्या बसने हॉर्न दिला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाकावरची पुस्तकं सरकवली आणि तिसऱ्या मापाची वाट पाहत बसलो.