व्यसनाचा रकाना

"तोंड उघड रं. वास घेऊ दे."

मांडवात शंभरेक कामगार बसलेले. माईक चालू. सुपरवायझरनं माझ्या तोंडाला नाक लावलं आणि हुंगलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसं. "बिडी न्हाई, मग मावा असंल," तो माईकवर म्हणाला. लोक हसले. पहिल्या रांगेतले मालकही हसले. त्यांच्या गळ्यातला हार हलला.

माझा गुन्हा एवढाच, की मालकांच्या भाषणात मला खोकला आला.

कुपवाडच्या आमच्या फाउंड्रीत फुफ्फुसाच्या कर्करोगावर जनजागृती शिबिर होतं. फलकावर मालकांचा फोटो फुफ्फुसांच्या चित्रापेक्षा मोठा.

मी कास्टिंग घासतो. साच्यातून निघालेल्या लोखंडाला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं काढायची. अकरा वर्षं झाली. वाळूचं पीठ होतं आणि हवेत तरंगतं. त्यावर उपाय म्हणून कंपनी रोज गुळाचा खडा देते. गूळ खाल्ला की धूळ पोटातून निघून जाते म्हणे. मी चार पुस्तकं वाचलेला माणूस, तरी खात आलो. नव्या माणसांनाही हेच सांगत आलो.

भाषणं संपली. तपासणीच्या टेबलावर क्लार्कनं माझा फॉर्म पुढं केला. 'व्यसन' या रकान्यात आधीच 'होय' लिहिलेलं.

"मी कसलंच व्यसन करत नाही," मी म्हणालो.

"सगळ्यांचं तसंच भरलंय. सही कर."

मागं अप्पा उभे होते. जत भागातले, माझ्याच खात्यातले. दोन महिने खोकताहेत, पँट दोरीनं बांधतात. "कर की सही, गड्या. कशाला वाकड्यात शिरतोस?"

मी सही केली नाही. मिरजेहून आलेल्या डॉक्टरबाईंना विचारलं, "मॅडम, गुळानं धूळ जाते का?"

त्यांनी आधी मालकांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. या वाळूच्या धुळीनं बिडी न ओढणाऱ्यालाही कर्करोग होऊ शकतो. ओढणाऱ्याला धोका आणखी जास्त. खोकला तीन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त आलं, वजन उतरलं, तर थांबू नका. तपासा."

अप्पांनी दोरीवर हात ठेवला.

"मॅडम, विषय व्यसनाचा हाय," सुपरवायझर म्हणाला.

तेव्हा मला तो रकाना कळला. उद्या छातीत डाग निघाला, तर त्या एका शब्दानं दोष माझा होणार होता. मी 'होय' खोडलं. लिहिलं : व्यसन नाही. काम ग्राइंडिंग. वाळूची धूळ, अकरा वर्षं.

"लय शाना झालास."

"आवं साहेब, माझ्या तोंडाचा वास घेतलासा. आता आमच्या खात्यातली हवा हुंगा."

अप्पांनी आपला फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "माझं होयच ऱ्हाऊ दे. बिडी वडतो, खरं हाय त्ये. पर त्येच्या खाली धूळबी लिव."

मी लिहिली. मागं धूळ लिहून घ्यायला रांग लागली.

उद्या आम्ही दोघं मिरजेला छातीचा एक्स-रे काढायला जाणार आहोत. धूळ ओढणारं यंत्र, पाण्याचा फवारा आणि तोंडावर नीट बसणारा मास्क मिळेपर्यंत मी ग्राइंडरचं बटण दाबणार नाही. कामावरून काढतील. काढू देत. पण त्यांना कारण लिहून द्यावं लागेल, आणि ते खोटं असेल तर तेही मी खोडणार.