भट्टी बंद झाल्यावरचं पाणी

अणुवीज केंद्रात पंपांवर नोकरी करून माझे शेजारी गावी कुरुंद्याला परतले; आता हळद पिकवतात. अणुभट्टीतून पाणी कसं फिरतं हे सांगताना त्यांचे डोळे चमकतात आणि हळदीनं पिवळी झालेली बोटं हवेत नळ्या रेखाटतात. "बराबर बघा मास्तर, इकडून थंड गेलं, तिकडून तापून आलं!"

माझ्या पत्नीच्या तेराव्यानंतर लोकांचं येणं थांबलं. चौदाव्या दिवशी दुपारी ते हजर. पंधराव्याही.

"आता काहून तकलीफ घेता?" मी विचारलं.

ते उत्साहानं पुढं सरकले. "भट्टी बंद केली म्हून आतली गरमी लगेच जाती व्हय? लोकाला वाटतं, झालं काम. खरं काम तवाच! पंप थांबवायचा न्हाई."

मग नळ्यांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मी चहाचं आधण ठेवलं, बऱ्याच दिवसांनी दोन कपांचं.