जेवलं का तुमचं लोखंड?

पाण्याची बाटली उन्हात धरायची, एक डोळा मिटायचा आणि विचारायचं, “जेवलं का रं तुमचं लोखंड?” मी विहिरीवर पाण्याचा नमुना घ्यायला गेलो की त्या घरच्या आजीचा हा कार्यक्रम ठरलेला.

लोखंड गंजलं की माणसं हळहळतात. आम्हाला ते गंजावं म्हणून पगार मिळतो. पनवेलजवळच्या आजीच्या गावाच्या वरच्या अंगाला एक रंगाचा कारखाना होता. तो बंद पडला, मालक निघून गेले, जमिनीत क्रोमियम मागे राहिलं. ते जमिनीखालच्या पाण्याबरोबर गावात उतरलं आणि आजीच्या विहिरीचं पाणी पिवळं पडलं. मग आमच्या कंपनीने कारखाना आणि गाव यांच्या मध्ये लांबच लांब चर खणून त्यात वाळू आणि लोखंडाचा कीस भरला. पाणी त्यातून झिरपतं आणि क्रोमियम तिथेच अडकून बसतं. गावच्या सभेत आमच्या साहेबांनी हे सोपं करून सांगितलं, “लोखंड विष खातं.” आजीने तेवढंच उचललं.

“जेवतंय, आजी. सावकाश.”

“सावकाश जेवनारा मानूस म्हंजे माजा सासरा. पन त्यो बी दिवस मावलायच्या आत पानावरशी उठायचा!”

आजी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीने धवले गायल्याशिवाय पान हलत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अर्ध्या गावाची लग्नं तिने गाऊन लावली होती आणि ती हे लाजून वगैरे सांगत नसे. आता खारघरला राहणाऱ्या नातीचं लग्न ठरलं होतं. हळदीच्या आंघोळीचं पाणी घरच्या विहिरीचं हवं, हा आजीचा हट्ट. आपटा गावाहून ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा तिला याच पाण्याने न्हाऊ घातलं होतं.

“लग्नापत्तुर उरकंल नं त्याचं?”

मी खरं ते सांगितलं. चरातून येणारं पाणी आता स्वच्छ आहे, पण गावाखाली आधीच पोचलेलं विष त्याने ढकलून बाहेर काढायला वर्षं लागतील. आजी विहिरीत वाकून बघायला लागली. तिचं ते बघणं मला अजिबात आवडलं नाही.

पुढच्या खेपेला विहिरीत नमुन्याची नळी सोडली, तर खाली कशावर तरी ठण्णकन आपटली. आजीने घरातलं होतं नव्हतं ते लोखंड विहिरीत घातलं होतं. कोयते, पहारी, भाच्याच्या होडीचा नांगर, एवढंच काय, स्वयंपाकघरातली मोरली, म्हणजे विळीसुद्धा. सून बिचारी चाकूने भाजी चिरत होती.

“तुमचं लोखंड लांब बसून जेवतं,” आजी म्हणाली. “मी त्याला घरातच पान मांडलं.”

मला हसू आवरेना. पाण्याचा पिवळेपणाही खरोखरच जरा उतरला होता. पण तपासणीत क्रोमियम होतंच, भरपूर होतं. तसं सांगायला मुद्दाम गेलो, तर आजी हात पदराखाली धरून बसलेली. पदर बाजूला केला आणि माझं हसणं कुठल्या कुठे गेलं. दोन्ही हातांवर लाल चट्टे, बोटांच्या पेरांशी जखमा.

“हे काय केलंस, आजी?”

“पोरीच्या अंगावर वतायच्या आदी मी आंगोल करून बगत व्हते. रोज.” मग हातांकडे बघत म्हणाली, “नाय जेवलं रं, बाला. आजून नाय जेवलं.”

मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. रस्ताभर मला तिचा राग येत होता, साहेबांच्या त्या सोप्या वाक्याचा येत होता, आणि पळून गेलेल्या मालकांचा तर इतका की रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं.

हळदीला मी गेलो होतो. नातीने खारघरहून पाण्याचा जार आणला होता. हाताला पट्ट्या बांधलेली आजी पाटाजवळ बसून गात होती. त्या धवल्यात पाणी कुठल्या विहिरीचं ते सांगायची एक ओळ येते. तिथे आजी थांबली. बायकांना वाटलं, विसरली. ती विसरली नव्हती. जारकडे एकदा बघून तिने ती ओळ सोडली आणि पुढचं गायला लागली.

पुढच्या पावसाळ्यात आजी वारली. कशाने, ते डॉक्टरांनी वयावर ढकललं. मला काही ठामपणे म्हणता येत नाही, आणि तेच सलतं. मुलगा-सून खारघरला गेले. घराला कुलूप लागलं.

नमुने घ्यायला मी जातोच. इतक्या वर्षांनी परवा पहिल्यांदाच त्या विहिरीचा अहवाल चांगला आला. खात्री करायला पुन्हा गेलो, बाटली उन्हात धरली, एक डोळा मिटला. पाणी नितळ होतं. मग विहिरीत वाकून पाहिलं, तर तळ दिसत होता, आणि तळाशी गंजून लाल झालेली आजीची मोरली.

“जेवलं, आजी,” मी म्हणालो. बाटलीला बूच लावलं आणि कुलूप लावलेल्या दाराशी थोडा वेळ बसून राहिलो.